जादूच्या गाडीचा भाव

सांगलीत मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घरमालकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात एका भाजीवाल्याचा हात धरून उभे होते. दोघांच्या हातांवर एक मोठा रुमाल पसरलेला, हळदीनं पिवळाधम्मक. घरमालक आभाळाकडे बघत होते आणि भाजीवाला काकुळतीला येऊन म्हणत होता, "सोडा की आण्णा. दोडकी हायती, सोनं न्हवं. मघाधरनं भाव वरडतोय न्हवं का मी!"

"वरडतोयस म्हणूनच तो खरा भाव न्हवं," आण्णा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक बोट दाबलं असावं, कारण भाजीवाल्यानं कपाळाला हात लावला. अर्थात मोकळा होता तो.

आण्णा हळदीचे दलाल. उमेदीची सगळी वर्षं हळद बाजारात गेलेली. तिथली जुनी रीत अशी की घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा, प्रत्येकाला अर्थ. तोंडानं मात्र दोघंही पाऊसपाण्याचं बोलत राहायचे. कुणी हात बाहेर काढून "ठरलं" म्हटलं की सौदा झाला. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही आणि माघार तर नाहीच नाही. पुढे तोंडानं बोली लावायची पद्धत आली. आण्णा थोडे दिवस गेले आणि मग घरी बसले. "चारचौघांत भाव वरडायचा म्हंजे चारचौघांत आंघोळ करायची," असं त्यांचं म्हणणं. बाजार सुटला, रुमाल काही सुटला नाही. एस.टी.च्या कंडक्टरलाही त्यांनी एकदा रुमालाखाली हात घालायला लावला होता म्हणे. तिकिटात घासाघीस होत नाही हे त्यांना समजावता समजावता मिरज आलं.

माझं भाडंही रुमालाखालीच ठरलं. पण मी पडले बाई माणूस, तीही साताऱ्याहून शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. परक्या बाईचा हात आण्णा कसा धरणार? म्हणून मध्ये सुनंदा. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा उजवा हात आण्णांच्या रुमालाखाली आणि डावा माझ्या हातात, त्यावर तिचाच पदर. आण्णा तिची बोटं दाबणार, ती माझी दाबणार. मला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं. मला वाटलं, पोरगी आपुलकीनं हात दाबतेय. मीही आपुलकीनं दाबला. सुनंदानं हात बाहेर काढून "ठरलं" म्हटलं आणि आण्णांनी मला किल्ली दिली. भाडं किती ठरलं ते मला जिन्यावर सुनंदानं सांगितलं. जास्त होतं.

आण्णांना कशाचाही भाव काढायची खोड. लग्नाहून आले की सांगायचे, "जेवान बराबर हुतं. नवरदेव जरा चढ्या भावानं गेला." आमच्या शाळेच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी तासभर भाषण केलं, तेव्हा बाहेर आल्यावर म्हणाले, "फुकट हुतं म्हणून लय महाग वाटलं." फुकट या शब्दाचा त्यांना भारी तिटकारा. "फुकटचं टिकत न्हाई बाई," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. शेजारणीकडून कढीपत्त्याची काडी घेतली तरी बदल्यात कोटाच्या खिशातून हळकुंड काढून देणार. कुणाला वेळ विचारली तरी हळकुंड. आमच्या गल्लीत त्या काळात कुणी हळद विकत आणत नव्हतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या वर्षाची त्या घरातली गोष्ट सांगायची तर एवढीच, की सुनंदाला पाचगणीला जायचं होतं आणि आण्णांना ते नको होतं.

सुनंदा बी.ए., बी.एड. झालेली. पाचगणीच्या एका निवासी शाळेत तिला लहान मुलांच्या वर्गावर नोकरी मिळाली होती. राहायला खोली, जेवण तिथंच. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं होतं. आण्णांनी नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आण्णा म्हणाले, "बघू." आण्णांचं "बघू" म्हणजे बाजार उठला. पाचगणी म्हटलं की ते पहिल्यांदा म्हणत, "तितं थंडी." मग म्हणत, "तितं जेवणात बटाटा आसतोय." जैन घरात वाळलेली हळद सोडली तर जमिनीखालचं खात नाहीत हे खरं, पण सुनंदानं बटाटा खायचा नाही असं ठरवल्यावर तो काही तिच्या तोंडात उडी मारणार नव्हता. खरं कारण घरात उघडच होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. सुनंदाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवस मावळायच्या आत आण्णांचं जेवण व्हायला लागायचं. ते सुनंदा करायची, आणि ते जेवत असताना समोर बसायची. ती गेली की समोर भिंत.

"तुम्ही तरी बोला ना बाई त्यांच्याशी," ती मला म्हणायची.

मी बोलले. आण्णा म्हणाले, "बघू." आणि मला हळकुंड दिलं.

आता यात तो खेळ कसा शिरला ते सांगते. माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून तो माझ्यासाठी तीन पातळ पुस्तकं आणि मूठभर चमत्कारिक फासे घेऊन आला. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. "तुला गोष्टी आवडतात ना, हा गोष्टींचा खेळ आहे," म्हणाला आणि परत बोटीवर गेला. मी पुस्तकं वाचली. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं एक जग सांगायचं, त्यात राक्षस, चेटके, किल्ले, आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं होऊन ठरवायचं की आपण आता काय करणार. जमतं की फसतं ते फासा सांगणार. मला हे फारच पटलं. शाळेत मी वेगळं काय करत होते?

खेळायला सुनंदा तयार झाली, आणि समोरच्या खोलीतले सुभेदार. हे उंब्रजचे. फौजेतून निवृत्त होऊन एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांचे वरिष्ठ म्हणून लागलेले. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. ते म्हणाले, "लढाई हाय न्हवं? मग आपुन तय्यार."

पहिल्याच संध्याकाळी मी फासे काढले आणि आण्णा आतून आले.

"हे काय?"

"खेळ आहे आण्णा."

"फासं हायती हे." त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलला, उजेडात धरला आणि विंचू ठेवावा तसा खाली ठेवला. "पांडवांचं काय झालं म्हाईत हाय न्हवं? आमच्यात जुगार म्हंजे म्हापाप. घरात नगं."

मी म्हटलं, "पैसे लावत नाही आम्ही."

"पांडवबी आदी पैसं लावत नव्हतं."

यावर महाभारतात काय आहे ते मला आठवेना. शेवटी तोडगा आण्णांनीच काढला. ते आत गेले आणि फोडलेले चिंचोके घेऊन आले. पांढरी बाजू वर आली की काम झालं, काळी आली की फसलं. फासे आणि चिंचोक्यात फरक काय, असं सुभेदारांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "चिंचोक्यांनी कुणाचं राज्य गेल्यालं ऐकलंय का तुमी?" आणि तिथंच बसले. उठलेच नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी सुभेदारांनी गुहेतल्या राक्षसावर तलवार उपसली. आण्णा म्हणाले, "मारायचं न्हाई."

"आवं आण्णा, राक्षस हाय त्यो. दुश्मन!"

"त्याला पोट न्हाई का? इचारा त्याला काय पायजे. त्याला पायजे ते आपल्याकडं आसंल, आपल्याला पायजे ते त्याच्याकडं आसंल. मारल्यावर सौदा कुणासंगं करणार?"

सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. नियमाच्या पुस्तकात राक्षसाशी व्यापार कुठं सापडेना, पण करू नये असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. राक्षसाला मीठ हवं होतं असं मी ठरवून टाकलं. तिथून आमच्या खेळाचं वळणच बदललं. अमेरिकेतल्या पोरांनी ज्यात किल्ले लुटले, त्यात आम्ही मसाल्यांचा व्यापार करायला लागलो. व्यापार म्हटल्यावर गाडी आली. पुस्तकात घोड्याच्या गाडीचं चित्र होतं. आण्णांनी घोडे सोडले आणि खिलारी बैल जोडले. वर छप्पर, आत निजायला जागा, मागं माल. ही गाडी घेऊन आमची माणसं गावोगाव फिरायची. गाडी हाकायची सुनंदा. हे तिनंच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं.

आणि गाडीवर मंत्र बसवून घ्यायचे. पुस्तकात अशा जादूच्या वस्तू होत्या, पण गाडीसाठी काहीच नव्हतं. मग आम्हाला हवे ते मंत्र आम्ही मागायचे आणि त्या जगातला मंत्रवाला त्याचा भाव सांगायचा. मंत्रवाला कोण होणार यावर चर्चा करायची गरजच पडली नाही. आण्णांनी रुमाल झटकला.

पहिला मंत्र सुभेदारांनी मागितला. कधी न विझणारा कंदील. दोघांचे हात रुमालाखाली गेले, सुभेदारांनी चटकन "ठरलं" म्हटलं आणि लगेच भांडण झालं. बाजारात हळदीचा भाव शेकड्यात चाललाय की हजारात, हे बसलेल्या दोघांनाही आधीच माहीत असतं. बोटं फक्त वरचा आकडा सांगतात. न विझणाऱ्या कंदिलाचा बाजार कुणी बघितलाय? सुभेदार सत्तर मोहरा समजले होते, आण्णांनी सात हजार सांगितल्या होत्या.

"सात हजारात पलटणीला कंदील येतील!"

"इजणारं येतील. ह्यो इजत न्हाई."

दोन दिवस दोघं बोलत नव्हते. आण्णांना मात्र चूक कुठं झाली ते कळलं होतं, आणि ती त्यांना फार लागली. इतक्या वर्षांत त्यांच्या रुमालाखाली घोटाळा झाला नव्हता. मग त्यांनी रीत घातली. भाव करण्याआधी ते तीन प्रश्न तोंडानं, सगळ्यांसमोर विचारायला लागले. कुणाला लागतं? कवा लागतं? न मिळालं तर काय अडतं? या तीन उत्तरांवरून भाव शेकड्यात की हजारात ते दोघांनाही उमगायचं, आणि मगच हात रुमालाखाली जायचे.

मला अजूनही वाटतं की जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत काढायला हे तीन प्रश्न पुरेत. चिखलात न रुतणाऱ्या चाकांचा मंत्र सुभेदारांनी भर उन्हाळ्यात घेतला. कवा लागतं याचं उत्तर "आजून दोन म्हैनं तरी न्हाई" असं होतं, त्यामुळे तो मातीमोल मिळाला. आण्णा मनापासून खूश झाले. गिऱ्हाइकानं आपल्याला हुशारीनं गाठलं की त्यांना कोण आनंद व्हायचा. गाडी अदृश्य करायचा मंत्र मी मागितला, तो तर त्यांनी जवळजवळ माझ्या गळ्यात मारायला काढला. "घिऊन जावा. दिसत न्हाई त्या गाडीकडं गिऱ्हाईक कुटनं येणार?" मी घेतला नाही. गाडीत कधी न संपणारं पाणी हवं म्हटल्यावर मात्र त्यांनी रुमाल घडी करून मांडीखाली ठेवला.

"पाण्याला भाव लावायचा न्हाई."

"मग असंच द्या," सुभेदार म्हणाले.

"आसं म्हंजे फुकट? फुकटची जादू टिकत न्हाई. वाळवंटात मदीच संपंल, मग मला शिव्या द्याल."

तेव्हा विकतही नाही आणि फुकटही नाही. न विझणारा कंदील, न रुतणारी चाकं असलेली आमची ती गाडी प्रत्येक गावात विहिरीवर थांबून पोहऱ्यानं पाणी काढायची.

मे महिना निम्मा सरला. पाचगणीहून विचारणा झाली की येणार आहात की नाही, नसाल तर दुसरी बाई बघू. सुनंदानं आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, "बघू की." त्या दिवशी तिनं त्यांना वाढलं, समोर बसली, पण एक शब्द बोलली नाही. आण्णाही बोलले नाहीत. मी पायरीवर बसून वह्या तपासत होते. ते मुकं जेवण मला अजून आठवतं, कारण त्या घरात रुमालाखालचा भाव सोडून सगळ्यावर भरपूर बोललं जायचं.

जेवणं झाल्यावर आम्ही नेहमीसारखे खेळायला बसलो. खरं तर कुणाचंच मन नव्हतं. मी आपली सांगत होते, गाडी एका घाटाच्या पायथ्याशी आली आहे, तिथं एका मंत्रवाल्याचं दुकान आहे. सुनंदा मध्येच म्हणाली, "मला एक मंत्र पायजे."

आण्णांनी रुमाल खांद्यावरून काढला. "सांग."

"गाडी कितीबी लांब गेली तरी घरची चूल विझू नये."

सुभेदारांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मी चिंचोके गोळा करायला लागले, ते गोळा करायचं काही कारण नव्हतं.

आण्णांनी रुमालाची घडी घातली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुणाला लागतं?"

"गाडी हाकणारीला."

"कवा लागतं?"

"शाळा उघडायच्या आत."

तिसरा प्रश्न यायला वेळ लागला. आण्णांनी रुमालाची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. "न मिळालं तर काय अडतं?"

"गाडी अडती," सुनंदा म्हणाली. "मी काय पळून जाणार न्हाई, आण्णा. मंत्र न्हाई मिळाला तर मी घाट चढणार न्हाई. हितंच थांबंन. पण मग ती गाडी कुठंच जाणार न्हाई, एवढं तुमी ध्यानात घ्या."

आण्णांनी हात पुढे केला. तिनं हात दिला. रुमाल पडला.

आजवरच्या सगळ्या सौद्यांत रुमाल हलायचा. बोटं फिरायची, एखादा झटका बसायचा, वर दोघं पावसाचं बोलायचे. त्या दिवशी रुमाल हलला नाही आणि पावसाचंही कुणी बोललं नाही. आण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते. सौदा करताना समोरच्याकडे बघायचं नाही हा त्यांचाच नियम. सुभेदारांना राहवेना, त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय चाललंय? मला काय कळणार? मी खांदे उडवले.

मग सुनंदानं हात बाहेर काढला. "ठरलं," ती म्हणाली.

आण्णांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. भर बाजारात कुणी टोपी काढून घ्यावी तसे ते क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी रुमाल गोळा केला, नीट घडी घालून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "ठरलं म्हणल्यावर ठरलं."

आणि आत जाऊन तिची ट्रंक माळ्यावरून काढायला लागले. सुभेदार शिडी धरायला धावले.

सुनंदा गेली त्या दिवशी मला शाळा होती, त्यामुळे स्टँडवर बापलेक दोघंच गेले. परत आल्यावर आण्णांनी मला हाक मारली आणि त्या महिन्यापासून भाड्यात थोडा बदल करायचा म्हणाले. मी सवयीनं हात पुढे केला. मध्ये धरायला कुणी नव्हतं. दोघंही जरा वेळ तसेच उभे राहिलो. शेवटी आण्णांनी इकडं तिकडं बघून भाडं तोंडानं सांगितलं. हळूच, एकदाच. आणि लाजून आत निघून गेले. कमी केलं होतं.

मंत्र घेतला सुनंदानं, पण राबायचं आमच्या वाट्याला आलं. घरची चूल विझायची नाही म्हणजे ती कुणीतरी पेटवायला हवी. पहिल्याच आठवड्यात सुभेदार कारखान्यातून सुटले की तडक सायकल मारत यायला लागले. का, तर आण्णांची भाकरी दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे. त्यांच्या भाकरीचा आकार काही नकाशात बसणारा नव्हता, पण ती पोटात बसायची. आमटी माझ्याकडे. आण्णा जेवायचे आणि आम्ही दोघं समोर बसायचो. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. रोज जेवण झालं की आण्णा आम्हा दोघांना एकेक हळकुंड द्यायचे.

आणि रोज नाही तरी आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे, "त्यो मंत्र पोरीला लय महाग पडला बरं का. लेक म्हणून सोडली न्हाई मी."

हे त्यांनी गल्लीत सांगितलं, देवळात सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. विट्याहून कुणी नातेवाईक आले, सोन्या-चांदीच्या धंद्यातले, त्यांना तर रंगवून सांगितलं. "असला भाव तुमच्या सोन्यालाबी आला नसंल." कुणी विचारलं की किती, तर बोट ओठावर. रुमालाखालचा भाव सांगायचा नसतो. सुभेदारांनी आडून, उभ्यानं, बसून, सगळ्या प्रकारे विचारून पाहिलं. "काय तरी अंदाज? शेकड्यात का हजारात?" आण्णा म्हणायचे, "सुभेदार, तुमची आयपत न्हाई."

सुनंदा सुट्टीत यायची. आल्या दिवसापासून चूल तिच्या ताब्यात. आम्ही पुन्हा चिंचोके काढून बसायचो. गाडी घाट चढून पलीकडे गेली होती, आणि माझ्या जगात त्या घरातली चूल खरंच कधी विझली नाही. तेवढं तर माझ्या हातात होतं. पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. नंतर काही वर्षांनी आण्णा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. सुभेदारांनी मला निरोप पाठवला आणि त्यात एवढंच होतं की सकाळी जेवले होते.

आण्णांना जाऊन वर्ष झालं असेल. मी शाळेची सहल घेऊन पाचगणीला गेले होते. मुली पठारावर हुंदडत होत्या, मी आणि सुनंदा एका कठड्यावर बसलो होतो. तिचा संसार आता तिथलाच. नवरा तिच्याच शाळेत हिशेब बघायचा. तिच्या पिशवीत हळकुंड होतं, ते बघून मला हसू आलं आणि मी विचारलं, "आता तरी सांग. त्या दिवशी भाव किती ठरला?"

सुनंदानं ते हळकुंड पिशवीत खाली सारलं. म्हणाली, "काही ठरलाच नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी एकही बोट दाबलं नाही, बाई. नुसता हात धरून बसले. मी वाट बघितली, आता दाबतील, मग दाबतील. मला वाटलं, भावच करायचा नाही त्यांना, म्हणजे नाहीच म्हणतायत. पाण्याचं केलं तसं. मग मीच हात काढला आणि ठरलं म्हणून टाकलं. एकदा बाहेर म्हटलं की ते मागं घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं."

त्या घरात पहिल्या दिवशी माझाही सौदा भाव न कळताच ठरला होता, पण अजाणतेपणी.

"मग स्टँडवर मला राहवेना," ती म्हणाली. "वाटलं, बापाला फसवून निघालो आपण. गाडी लागली तेव्हा मी म्हटलं, आण्णा, तुम्ही भाव बोललाच नाही. मी खोटंच ठरलं म्हणले. मी जात नाही."

"मग?"

"त्यांनी ट्रंक टपावर चढवायला दिली. मला आत बसवलं. खिडकीपाशी आले, इकडं तिकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, 'फुकट दिला म्हणून कुटं बोलू नगंस. बाजारात नाव हाय माझं.'"

बाजार सोडून त्यांना तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

सुभेदार आता उंब्रजला असतात. मिशा पांढऱ्या झाल्या, चौकशी तीच. कधी भेटले की चहा व्हायच्या आत विचारतात, "बाईसाहेब, कळलं का ओ कवा, त्यो मंत्र कितीला गेला?"

मी सांगते, "लय महाग पडला तिला."